मानसोपचाराचे तीन साक्षीदार

शरीराच्या रोगावर वैद्य जे उपचार करतो, ते बव्हंशीं चारचौघांच्या देखत होतात. शस्त्रक्रियेच्या वेळीं परिचारिका असतात, मदतनीस असतात. औषध दिलें तर त्याची मात्रा चिठ्ठीवर लिहिलेली असते. ताप उतरला कीं नाहीं हें पारा सांगतो, आणि तो रोग्याची भीड धरीत नाहीं कीं वैद्याची. मनाच्या व्यथेवर केवळ संभाषणाच्या द्वारें जो उपचार होतो त्याची गोष्ट निराळी. तेथें खोलीचें दार लोटलेलें असतें. आंत दोन माणसें असतात. एक बोलत असतें व दुसरें ऐकत असतें. तासाभरानें दार उघडतें तेव्हां आंत काय झालें याला पुरावा म्हणून त्या दोघांच्या स्मरणाखेरीज कांहींच उरत नाहीं. असें असूनहि गेल्या सव्वाशें वर्षांत असंख्य दुःखी माणसें या खोलींत विश्वासानें शिरलीं. त्यांतील कांहीं बरीं होऊन बाहेर आलीं, कांहीं होतीं तशींच आलीं आणि कांहींची अवस्था पूर्वींपेक्षां वाईट झाली. त्या खोलींत नेमकें काय घडतें, तें कोणी पाहिलें, आणि तें मोजतां येतें काय, या प्रश्नांचा एक स्वतंत्र इतिहास आहे. तो आमच्या वाचकांपुढें ठेवावा अशी आमची इच्छा आहे. कारण ज्याच्या घरीं असा रोगी आहे त्याला हा प्रश्न केवळ पांडित्याचा नाहीं.

दुःख बोलून दाखविल्यानें हलकें होतें, हा अनुभव कांहीं पाश्चात्यांनीं शोधून काढलेला नव्हे. सासरीं जाचलेली मुलगी माहेरीं येऊन आईच्या मांडीवर डोकें ठेवते आणि मन मोकळें करते, तेव्हां तिला जें वाटतें तें कोणत्याहि शास्त्राच्या आधींचें आहे. परंतु अनुभव असणें वेगळें आणि त्या अनुभवाची परीक्षा करणें वेगळें. बोलण्यानें बरें वाटतें, हें खरें. पण कोणास, किती, कोणाजवळ बोलल्यानें आणि काय बोलल्यानें? या चार प्रश्नांपाशीं अनुभव थांबतो आणि शास्त्राचें काम सुरू होतें.

या शास्त्राच्या आरंभींच एक बोधप्रद घटना आहे. व्हिएन्ना शहरांत डॉ. योसेफ ब्रॉयर यांनीं १८८० ते १८८२ या काळांत एका तरुण स्त्रीवर उपचार केले. आजारी वडिलांची शुश्रूषा करतां करतां ती स्वतः रोगी झाली होती. तिचा हात लुळा पडे, डोळ्यांपुढें भास होत, आणि कांहीं काळ तर ती आपली मातृभाषा जर्मन विसरून इंग्रजींतच बोलूं लागली. डॉक्टरांजवळ एकेका लक्षणाचा उगम सांगत गेलें कीं तें लक्षण ओसरतें, असें दोघांच्याहि ध्यानांत आलें. ‘बोलण्याचा उपचार’ हें नांव या पद्धतीला त्या स्त्रीनेंच दिलें. १८९५ सालीं ब्रॉयर व फ्रॉइड यांनीं ‘उन्मादाचा अभ्यास’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यांत ती ‘ॲना ओ.’ या टोपणनांवानें अमर झाली; आणि ती बरी झाली, असा समज त्या ग्रंथावरून जगभर पसरला. पुढें पाऊणशें वर्षांनीं हेन्री एलेनबर्गर या इतिहासकारानें स्वित्झर्लंडांतील क्रॉयत्सलिंगेन येथील रुग्णालयाचीं जुनीं दफ्तरें तपासलीं. ब्रॉयरचा उपचार संपल्यावर अवघ्या कांहीं आठवड्यांत, १८८२ च्या जुलैमध्यें, हीच स्त्री त्या रुग्णालयांत दाखल झाली होती आणि अद्याप आजारी होती, असें त्याला आढळून आलें. त्यानें १९७२ सालीं ही हकीकत छापली. ती स्त्री, बर्था पापेनहाइम, पुढें खरोखर सावरली; अनाथ मुलें व निराधार स्त्रिया यांच्यासाठीं तिनें मोठें कार्य केलें, आणि १९०४ सालीं जर्मनीतील ज्यू स्त्रियांची संघटना स्थापिली. पण तिचें सावरणें ग्रंथांत सांगितलें होतें तितकें सरळ नव्हतें.

मराठ्यांच्या इतिहासाच्या अभ्यासकांस यांत फारसें नवल वाटणार नाहीं. राजवाड्यांनीं १८९८ सालीं ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ या मालेचा पहिला खंड छापला, तेव्हां बखरींवर विसंबून न राहतां अस्सल समकालीन पत्रें पाहिलीं पाहिजेत, हाच त्यांचा आग्रह होता. बखरकार खोटें बोलतो असें नव्हे. तो मागाहून लिहितो, शेवट ठाऊक असतांना लिहितो आणि ज्याचें अन्न खातो त्याच्या बाजूनें लिहितो. उपचारकानें लिहिलेली रोग्याची हकीकत ही अशीच एक बखर होय. प्रश्न होता तो अस्सल कागदाचा.

तो कागद होऊंच नये, असें फ्रॉइडचें मत होतें. १९१२ सालीं डॉक्टरांसाठीं लिहिलेल्या एका सूचनापर लेखांत त्यानें बैठकीच्या वेळीं टिपणें घेऊं नयेत, असा सल्ला दिला. टिपणें घेणारा नकळत निवड करूं लागतो. जें त्याला अगोदरच अपेक्षित आहे तेंच त्याला ऐकूं येतें. उपचारकानें मन समतोल ठेवून सगळेंच सारख्या लक्षानें ऐकावें, आणि लिहावयाचें तें सायंकाळीं, काम आटोपल्यावर, आठवून लिहावें. हें म्हणणें अगदींच टाकाऊ नव्हतें. समोरचा माणूस रडत असतां जो वहींत डोकें घालून बसतो, त्याच्याजवळ कोण मन मोकळें करील? शिवाय रोग्याचें गुपित हें रोग्याचें धन आहे; त्याची नक्कल करण्याचा अधिकार शास्त्रालाहि सहज मिळत नाहीं.

तथापि सायंकाळच्या आठवणीवर किती भरंवसा ठेवावा, याचा एक पुरावा खुद्द फ्रॉइडच्याच कागदांत मागें राहिला. हकीकत छापून झाल्यावर मूळ टिपणें नष्ट करण्याचा त्याचा परिपाठ होता. परंतु १९०९ सालीं छापलेल्या ‘उंदीर-मनुष्य’ या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या रोग्याच्या बाबतींत आरंभींच्या कांहीं महिन्यांचीं रोजचीं टिपणें कशीं कोण जाणे वांचलीं, तीं त्याच्या मृत्यूनंतर सांपडलीं आणि १९५५ सालीं प्रसिद्ध झालीं. टिपणांत रोग्याच्या आईचा उल्लेख वारंवार येतो; छापील हकीकतींत ती जवळजवळ दिसतच नाहीं, तेथें सगळा भर वडिलांवर आहे. फ्रॉइडसारख्या असामान्य निरीक्षकाचीहि जर ही गति, तर इतरांविषयीं बोलावयासच नको. सिद्धान्त मनांत पक्का असला कीं आठवण त्याच्या मागोमाग चालते.

या कोंडींतून वाट काढली ती एका यंत्रानें. १९३० च्या सुमारास अमेरिकेंत अर्ल झिन यानें कचेरींतील डिक्टाफोनवर मनोविश्लेषणाच्या बैठकी उतरून घेण्याचा प्रयत्न केला, आणि शिकागो येथें हॅरॉल्ड लॅसवेल या राज्यशास्त्रज्ञानें बोलणाऱ्याच्या शब्दांबरोबरच त्याची नाडी व त्वचेंतील विद्युत्-रोध यांची नोंद घेऊन पाहिली. परंतु ध्वनिमुद्रणाला खऱ्या अर्थानें संशोधनाचें साधन बनविलें तें कार्ल रॉजर्स यानें.

या गृहस्थाचें पूर्वचरित्र ध्यानांत घेण्याजोगें आहे. १९०२ सालीं शिकागोजवळ जन्मलेला हा मुलगा बारा वर्षांचा असतांना त्याच्या वडिलांनीं शहर सोडून शेतावर बिऱ्हाड नेलें. चौदाव्या वर्षीं त्यानें जनावरांच्या खाद्यासंबंधीं एक जाड ग्रंथ वाचून काढला. एका गटाला अमुक चारा द्यावा, दुसऱ्या तशाच गटाला देऊं नये, आणि मग दुधांत वा वजनांत फरक पडतो काय तें पाहावें, ही प्रयोगाची रीत त्याच्या मनावर तेथें ठसली, असें तो पुढें स्वतःच सांगत असे. पुढें त्यानें धर्मोपदेशकाचें शिक्षण अर्धें टाकून मानसशास्त्राची वाट धरली आणि रॉचेस्टर येथें बारा वर्षें उपेक्षित व गांजलेल्या मुलांमध्यें काम केलें. १९४० सालीं तो ओहायो राज्य विद्यापीठांत प्राध्यापक झाला. येणाऱ्या माणसास ‘रोगी’ म्हणण्याचेंहि त्यानें सोडलें. वकिलाकडे येणाऱ्यास इंग्रजींत जो शब्द लावतात, आणि ज्याला आपण ‘अशील’ म्हणतों, तोच तो वापरूं लागला. गोठ्यांतील गायींना लावावयाची कसोटी माणसांच्या अंतःकरणाला लावण्याचें धाडस अशा माणसानें केलें, ज्याला त्या अंतःकरणाविषयीं अतिशय आदर होता. या योगायोगांतच या सगळ्या इतिहासाचें मर्म आहे असें आम्हांस वाटतें.

बर्नार्ड कोव्हनर नांवाच्या एका विद्यार्थ्याच्या साह्यानें रॉजर्सनें मुद्रणाची व्यवस्था उभी केली. ती आज हास्यास्पद वाटेल. ग्रामोफोनच्या तबकडीची एक बाजू सुमारें तीन मिनिटांत भरे. ती भरली कीं दुसरी चढवावी लागे. सुईनें कोरून निघालेला भुगा सारखा झाडावा लागे. तासाभराच्या एका बैठकीला तबकड्यांची चळत होई. पण शिक्षक व विद्यार्थी त्या यंत्राभोंवतीं कोंडाळें करून बसत, एकच वाक्य पुन्हां पुन्हां ऐकत, आणि संभाषण कोठें फुललें व कोठें कोमेजलें तें बोटानें दाखवूं शकत. १९४२ सालीं रॉजर्सनें आपल्या ग्रंथांत ‘हर्बर्ट ब्रायन’ असें कल्पित नांव दिलेल्या एका तरुणाच्या आठहि बैठकींचा शब्दशः वृत्तान्त छापला. त्यानें जवळजवळ पावणेदोनशें पानें व्यापलीं. बंद खोलींतील संपूर्ण संभाषण जगासमोर अशा रीतीनें ठेवलें जाण्याची ही पहिलीच वेळ.

या तबकड्यांनीं पहिला तडाखा दिला तो उपचारकांच्या आत्मविश्वासाला. उपचारकाचें लेखी टिपण व तबकडी कोव्हनरनें शेजारीं शेजारीं ठेवून पाहिलीं. टिपणांत जें लिहिलेलें असे तें बरेंचसें खरें असे. परंतु प्रत्यक्ष झालेल्या संभाषणाचा फार मोठा भाग त्यांत उतरलेलाच नसे. पोर्टर या दुसऱ्या विद्यार्थ्यानें केवळ शब्द मोजले. सल्ला देण्याची, प्रश्न विचारण्याची व वाट दाखविण्याची ज्यांस संवय होती ते उपचारक, नुसतें ऐकून घेऊन अर्थ स्पष्ट करणाऱ्या उपचारकांच्या मानानें, जवळजवळ सहापट शब्द बोलत. ज्याचें दुःख ऐकावयाचें त्याच्यापेक्षां ऐकणाराच अधिक बोलतो, हें यापूर्वीं कोणास ठाऊक होतें? निदान खुद्द ऐकणाऱ्यास तरी नव्हतें. स्नायडर यानें पुढें जाऊन उपचारकाचें प्रत्येक वाक्य व त्यानंतरचें अशिलाचें प्रत्येक वाक्य यांचे प्रकार पाडले. उपचारकानें समोरच्याची भावना मान्य करून ती स्पष्ट शब्दांत परत मांडली, कीं अशील आणखी खोल बोलतो व त्यास स्वतःविषयीं कांहीं उमगतें; उपचारकानें आपलाच अर्थ लादला किंवा दोष काढला, कीं तो अंग चोरतो. मानसोपचाराच्या मोजमापाची ही सुरुवात होती, आणि तिच्यांत आजच्या सर्व पद्धतींचें बीज आहे: संभाषणाचे लहान तुकडे पाडणें, तटस्थ ऐकणाऱ्यांकडून त्यांची प्रतवारी करवणें, आणि एकाहून अधिक परीक्षकांचीं मतें जुळतात कीं नाहीं तें तपासणें.

पुढें शिकागो विद्यापीठांत रॉजर्सनें आणखी एक साधन हातीं घेतलें. अशिलाला शंभर पत्ते द्यावयाचे. प्रत्येकावर स्वतःविषयीं एक विधान. ‘मी आहें तसा’ या दृष्टीनें त्यांच्या नऊ ढिगाऱ्यांत वांटण्या करावयाच्या, आणि मग ‘मी असावें तसा’ या दृष्टीनें पुन्हां एकदां. दोन्ही वांटण्या तंतोतंत जुळल्या तर आंकडा एक; कांहींच संबंध नसेल तर शून्य. १९५४ सालीं छापलेल्या निष्कर्षांत, उपचारापूर्वीं हा सरासरी आंकडा शून्याच्या आसपास होता, उपचारानंतर तो ०.३४ झाला, आणि उपचाराची गरज नसलेल्या तुलनेच्या गटांत तो ०.५८ होता. ज्यांना साठ दिवस वाट पाहावयास लावलें होतें त्यांच्यांत त्या काळांत कांहींच फरक पडला नव्हता. आपण जसे आहों व जसे असावें यांतलें अंतर तुटल्यासारखें होतें, हें माणसाचें फार जुनें दुःख आहे; त्या दुःखाला आंकडा मिळाला तो या पत्त्यांच्या खेळांतून. अर्थात् पत्ते लावणारा रोगी स्वतःच होता, आणि उपचारकाला बरें वाटावें म्हणूनहि माणूस पत्ते हालवूं शकतो, हें विसरून चालणार नाहीं.

एवढ्यांत लंडनहून एक घणाघाती टीका आली. १९५२ सालीं हान्स आयसेंक यानें चोवीस अहवालांतील सात हजारांहून अधिक रोग्यांची आंकडेवारी एकत्र केली. मनोविश्लेषण घेतलेल्यांपैकीं शेंकडा ४४ सुधारले, संमिश्र पद्धतीचा मानसोपचार घेतलेल्यांपैकीं ६४, आणि असा कोणताच उपचार न घेतलेल्या, केवळ घरच्या डॉक्टरच्या वा संस्थेच्या देखरेखीखालीं राहिलेल्यांपैकीं ७२, असा त्याचा हिशेब होता. यावरून बोलण्याच्या उपचाराचा उपयोग होतो याला पुरावा नाहीं, असा त्यानें निष्कर्ष काढला. त्याच्या हिशेबांत ‘सुधारला’ या शब्दाचा अर्थ जागोजागीं निराळा होता आणि गट परस्परांशीं तुलना करण्याजोगे नव्हते, हें टीकाकारांनीं दाखवून दिलें. १९७७ सालीं मेरी ली स्मिथ व जीन ग्लास यांनीं ३७५ तुलनात्मक अभ्यास एकत्र केले. उपचार घेतलेला सामान्य रोगी उपचार न घेतलेल्या शंभरांतील सुमारें पंचाहत्तरांहून बऱ्या स्थितींत असतो, असें त्यांस आढळलें. तथापि आयसेंकचे उपकारच मानले पाहिजेत. आपलें काम चांगलें आहे असें सांगणाऱ्या प्रत्येकास ‘कशावरून?’ असें विचारणारा एक तरी कठोर माणूस जवळ असावा लागतो.

आतां तिसऱ्या साक्षीदाराकडे वळूं. पहिला साक्षीदार उपचारक, दुसरा यंत्र व तें ऐकणारा तटस्थ परीक्षक. तिसरा खुद्द रोगी. आश्चर्य असें कीं, ज्याच्यासाठीं हा सगळा खटाटोप, त्यास सर्वांत शेवटीं विचारण्यांत आलें. १९५७ सालीं रॉजर्सनें एक ठाम सिद्धान्त मांडला होता: उपचारक मनानें अकृत्रिम असेल, रोग्याचा विनाशर्त आदर करीत असेल, व त्याच्या दृष्टीनें जग पाहूं शकत असेल, आणि हें रोग्यास थोडें तरी जाणवत असेल, तर सुधारणा होईलच. त्याच वर्षीं तो विस्कॉन्सिन विद्यापीठांत गेला, आणि तेथें त्यानें हा सिद्धान्त सर्वांत कठीण जागीं, मॅडिसनजवळील मेंडोटा सरकारी मनोरुग्णालयांतील छिन्नमनस्क रोग्यांवर, तपासावयास घेतला. हे रोगी आपण होऊन कोणाकडे आले नव्हते. पुष्कळांना बोलावयाचेंच नव्हतें. उपक्रम दुःखाचा ठरला. परिश्रमानें केलेल्या मोजमापांचे कागद मध्येंच नाहींसे झाले, सहकाऱ्यांत कटुता आली, प्रतवारी पुन्हां करावी लागली, आणि ग्रंथ १९६७ सालीं बाहेर पडला. उपचार मिळालेल्या रोग्यांचा एकंदर गट तुलनेच्या गटापेक्षां फारसा पुढें गेला नव्हता. परंतु ज्यांच्या बैठकींत परीक्षकांना खरी समजूत आढळली, त्यांची वाटचाल बरी होती. आणखी एक गोष्ट दिसून आली: संबंध कसा जुळला आहे याविषयीं रोग्याचें व तटस्थ परीक्षकाचें मत बरेंच एका दिशेला जाई; उपचारकाचें मत मात्र त्यांच्याशीं जुळत नसे. छिन्नमनस्क म्हणून ज्याची साक्ष न्यायालयहि सहसा घेणार नाहीं, त्या रोग्याला खोलींतील हवा कळत होती आणि शहाण्या डॉक्टरला कळत नव्हती!

येथपासून संशोधनाचा रोख बदलला. १९७९ सालीं एडवर्ड बॉर्डिन यानें उपचारक व रोगी यांच्या ‘सख्या’चे तीन भाग सांगितले: कोठें जावयाचें याविषयीं एकमत, त्यासाठीं काय करावयाचें याविषयीं एकमत, आणि परस्परांविषयींचा विश्वास. या कल्पनेवर होर्वाथ व ग्रीनबर्ग यांनीं १९८९ सालीं ३६ विधानांची एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. बैठक संपल्यावर रोग्यानें ती पांच-दहा मिनिटांत भरावयाची. पुढें या व तत्सम प्रश्नावल्यांचा प्रसार इतका झाला कीं, २०१८ सालीं फ्ल्यूकिगर व त्याचे सहकारी यांनीं २९५ अभ्यास व तीस हजारांहून अधिक रोगी यांचा एकत्र हिशेब मांडला. सख्य व उपचाराचें फळ यांचा सहसंबंध सुमारें ०.२८ निघाला. साध्या भाषेंत, निरनिराळ्या रोग्यांच्या फळांत जो फरक दिसतो, त्याच्या शंभर वांट्यांपैकीं सुमारें आठ वांट्यांचा संबंध या सख्याशीं लावतां येतो. आठ म्हणजे थोडे वाटतील. पण उपचारपद्धतींच्या नांवांवरून जे कडाक्याचे वाद झाले, त्या नांवांना मिळालेला वांटा बहुधा याहूनहि लहान ठरला आहे. सख्यामुळें सुधारणा होते कीं सुधारणा होऊं लागल्यामुळें सख्य वाढतें, हा प्रश्न अर्थात् रास्त आहे. सहसंबंधाच्या आंकड्यानें त्याचा निकाल लागत नाहीं. म्हणून आतां बैठकीमागून बैठक मापें घेऊन आधीं काय बदलतें व मागाहून काय, तें पाहण्याची रीत पडली आहे.

रोग्याच्या साक्षीलाहि मर्यादा आहेत, आणि त्या शोधण्याची युक्तीहि सुचली. १९६० नंतरच्या दशकांत मिशिगन येथें नॉर्मन केगन यानें झालेल्या बैठकीचें चित्रमुद्रण लगेच त्याच माणसाला दाखवून, ‘या क्षणीं तुमच्या मनांत काय चाललें होतें?’ असें विचारण्यास आरंभ केला. याच मार्गानें कॅनडांतील डेव्हिड रेनी यानें १९९४ सालीं दाखवून दिलें कीं, उपचारकाचें बोलणें पटलें नाहीं तरी माणसें तसें बोलत नाहींत. त्याचा मान राखतात, मान डोलावतात, आणि मनांतल्या मनांत दुसरीकडे निघून जातात. तबकडीवर याचा मागमूसहि राहत नाहीं. म्हणजे ज्या यंत्रानें उपचारकाची विस्मृति उघडकीस आणली, त्या यंत्रालाहि रोग्याची भीड ऐकूं येत नव्हती. वडील माणसांपुढें ‘हो’ म्हणून मनांत ‘नाहीं’ म्हणणें काय असतें, तें आमच्या घरांतील सुनांना व विद्यार्थ्यांना निराळें सांगावयास नको.

या सर्वांचा व्यवहारांत उपयोग काय? तो एका प्रयोगानें स्पष्ट होतो. मायकेल लॅम्बर्ट यानें रोग्यानें दर बैठकीपूर्वीं भरावयाची ४५ प्रश्नांची एक यादी रूढ केली आहे. २००५ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्याच्या सहकाऱ्यांच्या एका अभ्यासांत उपचारकांना विचारण्यांत आलें कीं, तुमच्या रोग्यांपैकीं कोणाची स्थिति उपचाराच्या अखेरीस बिघडलेली असेल? साडेपांचशें रोग्यांपैकीं त्यांनीं तिघांचीं नांवें घेतलीं. प्रत्यक्षांत चाळीस बिघडले. आणि त्या तिघांपैकीं एकच या चाळिसांत होता. रोग्यांच्या साध्या उत्तरांवरून केलेल्या गणितानें मात्र बहुतेक बिघडणारे अगोदर ओळखले. अशी सूचना वेळींच उपचारकाच्या हातीं पडली कीं बिघडणाऱ्यांची संख्या घटते, असेंहि लॅम्बर्टच्या अभ्यासांतून दिसून आलें आहे. एकोणचाळीस माणसांचें बुडणें त्यांच्या समोर बसलेल्या सुविद्य, सद्भावी माणसास दिसूं नये, आणि कागदाच्या एका पानास दिसावें, ही गोष्ट कोणाहि विचारी माणसास अंतर्मुख करील. वर्गावर व्याख्यान रंगलें असें प्राध्यापकास वाटतें, आणि उत्तरपत्रिका निराळेंच सांगतात. आम्हां शिकविणाऱ्यांस हा न्याय परका नाहीं.

आपल्या देशांत या परीक्षेचे प्रयत्न अगदींच झाले नाहींत असें नव्हे. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयांत डॉ. वाहिया व त्यांचे सहकारी यांनीं पतंजलीच्या कल्पनांवर एक उपचारपद्धति उभारली. आणि ती तशीच डोक्यावर न घेतां, एका गटास पूर्ण पद्धति व दुसऱ्यास वरवर तिच्यासारखीच दिसणारी अपुरी पद्धति देऊन तुलना केली. ती १९७३ सालीं अमेरिकेंतील एका नियतकालिकांत प्रसिद्ध झाली. परंपरेविषयींचा आदर व परीक्षेची तयारी यांचें वैर नाहीं, हें दाखविणारा हा वस्तुपाठ होय. आल्बर्ट एलिसच्या विवेकनिष्ठ पद्धतीचा मराठींत प्रसार करणारे कि. मो. फडके यांनीं एलिसशीं दीर्घकाळ पत्रव्यवहार करून आपलें काम त्याच्या नजरेखालून घातलें, हेंहि सर्वश्रुत आहे. पण बैठकीच्या आंत काय घडतें याचें मोजमाप आमच्या भाषेंत अजून थोडेंच झालें आहे. परदेशी प्रश्नावल्या दोन माणसांचा संबंध गृहीत धरतात. आपल्याकडे रोग्याबरोबर बहुधा आई, नवरा किंवा थोरला भाऊ आंत येऊन बसतो, आणि रोग्याच्या आधीं तोच बोलूं लागतो. तेव्हां सख्य कोणाचें कोणाशीं मोजावयाचें? हा प्रश्न पाश्चात्यांनीं आपल्यासाठीं सोडवून ठेवलेला नाहीं. आपल्याच लोकांनीं, आपल्याच बोलींत, रोग्यास विचारून त्याचें उत्तर काढलें पाहिजे.

मोजमाप केल्यानें मनाचें पावित्र्य भंगतें, असा आक्षेप अनेक सुसंस्कृत माणसें घेतात. त्यांच्या भावनेचा आम्ही आदर करतों. रोग्याच्या संमतीवांचून खोलींत ना यंत्र जावें ना परीक्षक, आणि त्यानें नको म्हटलें तर उपचारांत तिळमात्र कमी पडूं नये, ही मर्यादा कडकपणें पाळलीच पाहिजे. परंतु गेल्या शतकाचा इतिहास पाहतां मोजपट्टीनें आजवर दुखावलें तें उपचारकाच्या आत्मविश्वासाला. रोग्याच्या पदरांत तिनें बहुतेक वेळां कांहींतरी घातलेंच आहे. ॲना ओ. बरी झाली असें तिच्या डॉक्टरच्या ग्रंथांत वाचून जग सत्तर-पंचाहत्तर वर्षें समाधान मानून राहिलें. त्या काळांत तिला स्वतःला कोणी विचारल्याचें दिसत नाहीं. आज बैठक संपतांना रोग्यापुढें एक कागद ठेवून, ‘आज तुम्हांला कसें वाटलें, आणि माझें कांहीं चुकलें काय?’ असें विचारलें जातें, तेव्हां मापन तर होतेंच; पण ज्याचें दुःख आहे त्याचा शब्दहि त्याच्या स्वतःच्या उपचारांत प्रमाण मानला जातो. मानसोपचाराच्या शास्त्रानें एवढ्या खटपटीनें जर कांहीं मिळविलें असेल, तर तें हेंच. आणि तें थोडें नाहीं.